विमानतळावर धरलेली जागा

"बाळू, येळंत पोचू न्हवं?" सोलापूर सुटल्यापासून अक्काने हे कितव्यांदा विचारलं, मला आठवत नाही. अक्का माझी थोरली बहीण, अक्कलकोटची. तिच्या मुलाचं, प्रकाशचं, दुसऱ्या दिवशी सकाळी लंडनमध्ये हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याला आत नेण्याआधी डोक्यावरून हात फिरवायचा, एवढंच तिला हवं होतं. दुबईत विमान बदलायला जेमतेम दोन तास होते, आणि माझा जीव तेव्हापासूनच टांगणीला लागला होता.

दुबईचा विमानतळ पाहून छाती दडपली. जमीनच चालते आणि माणसं तिच्यावर नुसती उभी. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला चक्क आगगाडी. सोन्याची दुकानं, अत्तरांचा घमघमाट, खजुरांचे ढीग, आणि भिंतीकडेला बूट उशाला घेऊन झोपलेले मजूर. हे सगळं बघायला निवांतपणा हवा होता. मी पाट्या वाचत अक्काला जवळजवळ ओढतच नेलं.

आमच्या गेटपाशी दोनच खुर्च्या रिकाम्या होत्या. माझा जन्म एसटीत गेलेला. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची सवय हाडात मुरलेली. खुर्च्यांवर अक्काची पिशवी आडवी ठेवली आणि आम्ही पाणी आणायला गेलो.

परत आलो तर खुर्च्यांभोवती पट्टी बांधलेली, माणसं मागे सारलेली, दोन शिपाई उभे. मधे आमची पिशवी. बेवारस पिशवीत बॉम्ब असेल, असा त्यांना संशय. पिशवी सोडून गुपचूप विमानात बसावं, असंही मनात आलं. त्याची मला आजही लाज वाटते.

अक्का सरळ पुढे झाली. "आमचीच हाय की ती. जागा धरली हुती."

शिपायांना काही कळेना. तिचा कानडी हेल ऐकून फरशी पुसणारा एकजण मात्र वळला. "यावूर री?" (कुठलं गाव हो?) गडी गुलबर्ग्याचा निघाला. अक्काने कानडीतून त्याला सगळं सांगितलं, प्रकाशचं ऑपरेशनसुद्धा. त्याने ते शिपायांना समजावलं. तरी पिशवी उघडलीच. कडक भाकरी (ज्वारीची वाळवलेली पातळ भाकरी), शेंगाचटणी, मठातला अंगारा, सगळं यंत्रातून जाऊन आलं. तोवर आमच्या विमानाची शेवटची हाक झाली. दार लागता लागता आम्ही आत शिरलो.

सकाळी इस्पितळात तिने प्रकाशच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे मला श्वास आला. ऑपरेशन नीट झालं.

दीड महिन्याने परतलो. दुबईत अक्काने पूर्ण वेळ पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. सोलापूरच्या स्टँडवर अक्कलकोटची गाडी लागली, गर्दी धावली. मी रुमाल काढला आणि हात तसाच थबकला.

"टाक की," अक्का म्हणाली. "हितं रुमालाला कुणी भीत न्हाय."