मावशींचा गुडघा पुन्हा उघडावा लागला

पडदे शिवणाऱ्या मावशींचा उजवा गुडघा बदलला, तेव्हा सगळे म्हणाले होते, आता पळाल. पळणं राहिलं बाजूला. काही महिन्यांत गुडघा सुजला, ठणकू लागला आणि टाक्यांच्या खुणेशेजारी बारीक भोक पडून पू झिरपायला लागला. गोळ्या घेतल्या की भोक मिटायचं, गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. गिऱ्हाइकाच्या कापडाला डाग लागू नये म्हणून मावशी गुडघ्याला जुना टॉवेल गुंडाळून मशीनवर बसायच्या.

"जरा आराम कर," नवरा म्हणायचा.

"मग पडदे तुम्ही शिवा."

शेवटी मुलगी त्यांना दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी सांध्यातलं पाणी काढून तपासलं. "जंतू धातूला चिकटून बसलेत. त्यांच्यावर बुळबुळीत थर चढलाय, गोळ्या आत पोचत नाहीत. सांधा काढू, जागेवर औषध मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवू, शिरेतून औषध देऊ. जंतू गेले की नवा सांधा."

"म्हणजे दोनदा फाडणार. मग आधीच्या डॉक्टरांनी नुसत्या गोळ्या का दिल्या?"

बाईंनी जुने कागद चाळले. "पाणी तेव्हाच तपासायला हवं होतं."

मावशींचं डोकं सणकलं. पण इतक्या दिवसांत सरळ उत्तर पहिल्यांदाच मिळालं होतं. त्या तयार झाल्या.

सिमेंटचा ठोकळा घेऊन काढलेले महिने म्हणजे नुसता वैताग. पाय वाकेना, तोंडाला चव नाही, भेटायला येणारा प्रत्येक जण उपाय सांगून जायचा. पलंगावरून त्या नवऱ्याला शिवण शिकवू लागल्या.

"रेघ दिसते ना तुम्हाला?"

"दिसते गं. सुई ऐकत नाही."

नवऱ्याची शिवण त्या मुकाट्यानं उसवत बसायच्या. त्यातच रक्ताचा रिपोर्ट मनासारखा आला नाही म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं, तेव्हा मुलीवर खेकसल्या आणि मग तिच्याच खांद्यावर डोकं टेकून रडल्या.

नवा सांधा बसला एकदाचा. जखम कोरडी राहिली. गुडघा पूर्ण वाकत नाही, म्हणून मशीनला मोटर बसवली. ती डाव्या पायानं चालते. रोज आंघोळीआधी मावशी खुणेवरून बोट फिरवून ओल लागते का बघतात. लागत नाही. तरी पुन्हा फिरवतात आणि स्वतःवरच चिडतात.