मिठाआधीचं पातेलं

कळंबजवळच्या एका लग्नात तो आचारी मला एकदाच भेटला. नाव विचारायचं राहूनच गेलं. चुलाणावर आमटीची मोठी कढई रटरटत होती. तो वाकून वाफेचा वास घेई, पळीतून धार सोडून बघे. जिभेवर मात्र एक थेंबही ठेवत नव्हता. मिठाच्या डब्यात हात घालण्याआधी त्यानं पातेलंभर आमटी बाजूला काढून झाकून ठेवली.

"ही कुणासाठी?" मी विचारलं.

"आमच्यासारख्यांसाठी." त्यानं खिशातली बीपीच्या गोळ्यांची पट्टी दाखवली. "मीठ समद्यांला सारखं बाधत न्हाय बघा. माझा थोरला भाऊ भाकरीवर मीठ भुरभुरून खातो, त्याला काय होत न्हाय. माझं बीपी चिमटीभरानं बी वर जातं. पंगतीत असे धा-बारा असत्यात, पर लाजंनं बोलत न्हाईत."

माझे वडील त्यांतलेच. कित्येक वर्षं ते लग्नात अक्षता टाकून "भूक न्हाय" म्हणत मंडपाबाहेर बसायचे आणि आम्ही त्यांना हट्टी ठरवायचो. मला माझीच चीड आली. त्या दिवशीही ते मंडपाबाहेरच बसले होते; मी त्यांना हाताला धरून पंगतीत आणून बसवलं.

आचाऱ्यानं त्या आमटीवर लसणाची चरचरीत फोडणी ओतली, लिंबू पिळलं आणि स्वतः येऊन वाढली. वडिलांनी भात कालवला. आचारी द्रोणाकडं बघतच नव्हता, त्यांच्या तोंडाकडं बघत होता. चव तो तिथंच घेत होता.

वडिलांनी रिकामा द्रोण पुढं केला.