दाराच्या उजव्या अंगाची भिंत

दुसऱ्याच्या घरावर माणसाने किती हक्क दाखवावा याला काही सीमा असेल, तर ती आमच्या रंगारी तात्यांनी कधीच चुना फासून पुसून टाकली आहे. निवृत्त झाल्यावर आम्ही साताऱ्यातली भाड्याची जागा सोडली आणि उंब्रजला जुन्या रस्त्याकडेचं एक विटांचं घर विकत घेतलं. पहिल्याच सकाळी मी तोंडात ब्रश धरून बाहेर आलो, तर दाराच्या उजव्या भिंतीला शिडी लागलेली आणि शिडीवर एक पांढऱ्या मिशीचा म्हातारा माझ्या घराला चुना देत उभा! मी हबकलोच. "कोण हो तुम्ही?" म्हणून ओरडलो, तर त्यांनी वरूनच विचारलं, "तुमी कोन?" मी म्हणालो, "मी या घराचा मालक." त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि पुन्हा कुंचला बुडवत म्हणाले, "आसाल की. चौथं हाय तुमी."

हे चौथेपण त्यांनी मला पुढे तीन वर्षं विसरू दिलं नाही. उंब्रजमधली बहुतेक घरं तात्यांनी कधी ना कधी रंगवलेली, त्यामुळे प्रत्येक घराचा इतिहास त्यांना तोंडपाठ. आमच्या घराचा तर ते जरा जास्तच मन लावून सांगत. आधी मास्तर, मग सुभेदार, मग नर्सबाई आणि चौथे आम्ही. हा क्रम ते भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत कोणालाही थांबवून ऐकवत. वास्तुशांतीला पंगत बसलेली असताना ते मधोमध उभे राहिले आणि माझ्या साडूकडे बोट करून म्हणाले, "मास्तर लय देवमानूस! हितं बसून पेपर तपासायचं, सगळ्यांस्नी पास करायचं. गेलं बी हितंच. ह्ये पावनं बसल्यात न्हवं, तितंच, बसल्या जागंवर." साडूच्या हातातली जिलेबी पानात पडली. ते गृहस्थ आजतागायत आमच्याकडे उभ्यानेच चहा पितात. सुभेदारांबद्दल कळलं ते असं, की निवृत्तीनंतर हुकूम द्यायला कोणी उरलं नाही म्हणून ते रोज सकाळी अंगणातल्या शेळीला सावधान करायचे, आणि शेळी व्हायची. पण सगळ्यात मोठा धक्का बसला आमच्या हिला. ओट्याशी पोळ्या लाटत असताना खिडकीतून आवाज आला, "वैनी, आर्धं उंब्रज तुमच्या सैपाकघरात जल्मलंय बरं का. नर्सबाईंची खाट हितंच असायची." त्या दिवशी हिने ओटा तीनदा धुतला.

मला खरं तर त्यांचा राग यायचा. आपल्या पैशाने घ्यावं घर आणि आत राहावं पाहुण्यासारखं, हा काय प्रकार? "सुभेदारांच्या खोलीत पंखा चालू ऱ्हायलाय," असं ते रस्त्यावरून ओरडून सांगायचे. पुढे पुढे तर आमची ही सुद्धा "चष्मा मास्तरांच्या कोपऱ्यात ठेवलाय" असं बिनदिक्कत म्हणू लागली. त्यात दर वर्षी पाऊस संपला की तात्या न बोलावता शिडी घेऊन हजर. बाकी तीन भिंतींकडे ढुंकून बघायचे नाहीत. दाराच्या उजव्या अंगाला तेवढा चुना द्यायचा, चहाही न घेता जायचं. वय झालंय, डोकं जरा सरकलंय, असं मी धरून चाललो होतो.

यंदा आमच्या लेकीचं, स्वातीचं लग्न ठरलं, वाईच्या मुलाशी. वरपक्ष यायच्या आत दर्शनी भिंतीला चांगल्या फरशा बसवाव्यात असं हिच्या मनात आलं. गवंडी आला. त्याने त्या उजव्या भिंतीच्या गिलाव्यावर पहिला हातोडा घातला मात्र, तात्या रस्त्यापलीकडून धावत आले आणि दोन्ही हात पसरून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मी भडकलो. नको ते बोललो. "तात्या, घर माझं आहे, तुमचं नाही!" असंही म्हणालो.

"घर तुमचंच हाय," ते म्हणाले. "पर ह्यात माजं लगीन हाय."

तात्यांनी कमरेची रंग खरवडायची पत्री काढली आणि हलक्या हाताने एक वीतभर भिंत खरवडली. आमचा पांढरा गेला, नर्सबाईंचा पिस्ता गेला, सुभेदारांचा पिवळा गेला आणि खालून निळ्याशार ऑइलपेंटचं अक्षर वर आलं. 'चि.' त्याच्यापुढे तात्यांचंच नाव. अक्षर इतकं सुंदर, की मी बघतच राहिलो.

आमच्या भागात लग्नघराच्या भिंतीवर नवरानवरीची नावं लिहितात. गेरूने लिहितात, पुढच्या पावसात धुऊन जातात. मास्तरांनंतर या घरात एक कंपौंडर राहत होते. त्यांच्या थोरल्या मुलीशी तात्यांचं लग्न ठरलं होतं. "आख्ख्या गावाची लग्नं मी लिवायची आन माजं दुसऱ्यानं? म्हनलं आपनच लिवू. गेरूनं न्हाई, ऑइलपेंटनं. ऱ्हाऊ दे जल्मभर." झालं, नवरदेव अर्ध्या चड्डीवर शिडी चढला. तेवढ्यात शिराळ्याहून मुलीचे मामा एसटीतून उतरले. बघतात तो भाचजावई सासऱ्याच्याच दारात रंगाचा डबा घेऊन लटकलेला! "आमी जावई केलाय का मजूर लावलाय?" मानपान निघाला, आवाज चढले आणि तासाभरात लग्न मोडलं. जाण्याआधी नावं पुसून जा, असं मुलीकडचे म्हणाले. ऑइलपेंट पुसता येईना, म्हणून तात्यांनी त्यावर स्वतःच चुना दिला. मुलगी उंबऱ्यात उभी राहून बघत होती. त्याच वर्षी कंपौंडर गाव सोडून गेले. तात्यांनी पुढे लग्न केलंच नाही.

"ऑइलपेंटवर चुना धरत न्हाई, दर पावसाळ्यात वर येतंय," तात्या म्हणाले. "म्हनून येतो."

"अहो, मग पाडूच द्या की गवंड्याला. कायमचं जाईल."

"आवं, झाकायचं हाय ते. घालवायचं न्हाई."

मी गवंड्याला परत पाठवलं. मघाचे माझे शब्द आठवून मला स्वतःची फार लाज वाटली. स्वातीचं नाव त्या भिंतीवर तात्यांनीच लिहिलं, गेरूने. हात कापत होता, म्हणून दोन दिवस लागले. शिडी मी धरली होती.

हळदीच्या दिवशी वाईची मंडळी अंगणात टेकली आणि तात्या नेहमीप्रमाणे मधोमध उभे राहिले. साडू आधीच उठून उभे राहिले. "ह्या घराचा इतिहास आयका," तात्यांनी सुरुवात केली. "आदी मास्तर. मग..." ते थांबले. भिंतीकडे बघितलं. "मग कंपौंडर. त्येंची थोरली लेक सुमन. लय गुनी. मग सुभेदार, मग नर्सबाई." आणि माझ्या खांद्यावर चुन्याचा हात ठेवून म्हणाले, "आनि ह्ये पाचवं."