घोट उतरेपर्यंत

धुळ्याच्या दवाखान्यात आईच्या शेजारच्या खाटेवर साक्रीकडची एक म्हातारी होती. चार दिवसांपूर्वीच तिच्या अन्ननलिकेत कॅन्सर निघाला होता. तिचे यजमान तिला चमच्याने पेज पाजायचे आणि प्रत्येक घोट उतरेपर्यंत तिच्या गळ्याकडे बघत राहायचे. स्वतःचा डबा तोवर बंदच.

"आबा, तुम्हीही जेवून घ्या," मी एकदा म्हणाले.

"घरमा मी जेवीसन उठू, मंग ती बसे," ते म्हणाले. "तिले घास उतरत नही, हाई माले डॉक्टरनी सांगं तवय समजनं."

आईला सुट्टी मिळाली त्या दुपारी त्यांची बायको अर्धी वाटी टाकून झोपली होती. आबांनी तिच्या उरलेल्या पेजेत आपली भाकरी कुस्करली आणि ते भिंतीकडे तोंड करून जेवले.