ठोकळ्यावरचा चरा

माझा धाकटा भाऊ चित्रकार आहे. लाकडाच्या ठोकळ्यावर चेहरे कोरतो आणि शाई लावून छापे काढतो. माणसं वाकडी, डोळे मोठे, सगळं काळंभोर. प्रदर्शनाच्या पत्रकात जर्मन चित्रकारांचा प्रभाव वगैरे छापलेलं असतं. खोटं नाही, कॉलेजात असताना तो त्यांची पुस्तकं उशाशी घेऊन झोपायचा. पण आमचे बाबा गांधीबागेच्या कापडबाजारात गाठींवर लाकडी ठप्पे मारायचे आणि हा दिवसभर तिथे शाईत हात घालून बसायचा, ते पत्रकात येत नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यानं आईला रोज सकाळी गच्चीवर स्टुलावर बसवून तिचा चेहरा कोरला. छापे झकास आले, विकलेही गेले. राहिलं शेवटचं काम. ठरलेले छापे झाले की ठोकळ्यावर खोल चरा मारायचा, म्हणजे पुन्हा कोणाला छापता येत नाही. घेणाऱ्यांना तसा शब्द दिलेला असतो. त्यानं हत्यार उचललं आणि नेमकी आई मेथी निवडायला गच्चीवर आली.

"काय करून राहिला गा?"

"चरा मारतो, माय. याचं काम झालं."

"माह्या तोंडावर?"

"तोंड कुठं? लाकूड आहे ते."

"बसवलं तेव्हा तर म्हणे, हलू नको माय, तुहं तोंड बिघडन. आता लाकूड झालं काहून?"

मी म्हटलं, कपाटात टाक आणि कुलूप लाव. तो म्हणाला, "ताई, शब्द दिला आहे लोकांना."

आईनं त्याच्याशी बोलणं टाकलं. तो समोर जेवायला बसलेला असताना मला म्हणायची, "त्याले विचार वं, पोळी पाहिजे का." त्याच्यानं ना चरा मारवेना, ना ठोकळा आत ठेववेना. दुसरं कामही सुचेना. शेवटी एका दुपारी त्यानं ठोकळा आणून तिच्या मांडीवर ठेवला.

"तूच सांग, कुठं मारू."

आईनं चष्मा लावला. कपाळावरून बोट फिरवलं, डोळ्यांवरून फिरवलं, हनुवटीवर थांबली.

"इथं मार. लहानपणी नरखेडले बकरीनं शिंग मारलं होतं मले. तू ते कोरलंच नाही."

"बारीक नाही चालत, माय. खोल लागते."

"खोलच होतं. टाके पडले होते."

त्यानं एका दमात मारला. मग ठोकळा बाद झाल्याचा पुरावा म्हणून चऱ्यासकट एक छापा काढला. तशी रीत आहे. कोरलेल्या जागी शाई लागत नाही, म्हणून हनुवटीवर ठसठशीत पांढरी रेघ उमटली. आईनं बैठकीतलं कॅलेंडर उतरवून तिथे तो लावायला लावला.

आता त्याचे चित्रकार मित्र आले की चहा देता देता ती त्याला सुनावते, "ज्यायनं पैले नेले, त्यायले फोन कर. म्हणा, अधुरी माय देली तुमाले."