न्यूयॉर्कचा बोगदा आणि विहारामागची खोली

आमच्या जुन्नर तालुक्यात आणि शेजारच्या आंबेगावात रेल्वे नव्हती. रेल्वेची पत्रकं मात्र भरपूर होती, आणि त्यातली निम्मी मी लिहिलेली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी विशीत होतो आणि रेल्वे मागणाऱ्या समितीत होतो. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात जाऊन लोकांच्या हातात पत्रक कोंबायचं हे माझं काम. हात मोकळे नसतील तर मी ते क्रेटमध्ये टाकायचो. टोमॅटोबरोबर माझी कितीतरी पत्रकं ट्रकनं लांबच्या शहरांत गेली असतील, म्हणजे जिथं रेल्वे आधीच आहे तिथं.

पत्रकाच्या वरच्या चौकटीत जगातल्या रेल्वेची एक नवलाची माहिती द्यायची ही माझी पद्धत. लंडनमध्ये जमिनीखालून गाडी धावू लागली तेव्हा विजेची इंजिनं नव्हती. बोगद्यातून कोळशाचंच इंजिन जायचं आणि माणसं धुरात खोकत कामाला जायची. त्याखाली मी लिहिलं, ‘त्यांनी धूर सोसला, आम्हाला धूरही दिसेना.’

माझी सगळ्यात आवडती माहिती बंगालमधल्या एका प्रवाशाची. इंग्रजांच्या काळात डब्यात संडास नसायचे. हा बाबा फणस खाऊन गाडीत बसलेला. एका स्टेशनावर उतरून आडोशाला गेला, तेवढ्यात गार्डनं शिट्टी मारली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात धोतर, असा पळताना तो फलाटावर सगळ्यांदेखत पडला. त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत तक्रार लिहिली आणि त्यानंतर डब्यांत संडास आले असं सांगतात. एका कागदानं एवढं होतं, यावर माझा विश्वास बसला तो तेव्हापासून. आता चीड येते ती त्याच विश्वासाची.

झालं असं. रेल्वेचे मोजणीवाले जीप घेऊन आले आणि पांढरे दगड रोवत गेले. एक दगड आमच्या बौद्धवस्तीत, विहारामागच्या मोकळ्या जागेत पडला. मी आनंदानं वेडा झालो. पुढच्या पत्रकाचा मथळा केला, ‘दगड बसला, गाडी आलीच समजा.’

त्याच सुमारास माझी चुलत बहीण दहावीला होती. चुलत्याचं घर एका खोलीचं. त्याच खोलीत चूल, टीव्ही आणि दोन लहान भावंडं. म्हणून ती शाळा सुटली की ओतूरच्या एसटी स्टँडवर बाकावर बसून अभ्यास करायची आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी यायची. कुणीतरी चुलत्याच्या कानावर घातलं, की तुमची पोरगी स्टँडवर बसती. चुलता ओरडला नाही. जेवता जेवता म्हणाला, “उद्यापास्नं शाळा सुटली का सरळ घरी. घरी जमत न्हाई म्हणत असशील, तर ऱ्हाऊ दे दहावी.”

वस्तीतल्या आणखी चार पोरींची हीच गत होती. बैठक झाली आणि ठरलं, की विहारामागं अभ्यासिका बांधायची, एकच खोली. चुलता गवंडी, त्यानं सगळ्या गावाची घरं बांधलेली. अडचण होती ती परवानगीची. अर्ज घेऊन अर्थातच मी गेलो, कारण वस्तीत कागदाचा माणूस मीच.

सरपंच मला बघून हसले. “या पुढारी. गाडी कुठवर आली? मंचरला सिग्नल पडला का?”

मी अर्ज पुढं केला. त्यांनी वाचला आणि टेबलाच्या काचेवर बोट ठेवलं. काचेखाली माझंच पत्रक होतं. ‘गाडी आलीच समजा’ या शब्दांखाली लाल रेघ.

“हे कुणी लिहिलं? तूच ना? मग जिथनं रूळ जाणार तिथं खोली कशी बांधू देऊ? उद्या पाडायला लागली तर तूच पत्रक काढशील माझ्या नावानं.”

“तुमच्या द्राक्षबागेत दोन दगड आहेत,” मी म्हणालो. “दोन्ही मांडवाखाली गेलेत.”

“द्राक्षं उपटता येत्यात राव. भिंत उपटत न्हाई.”

ग्रामसेवक खाली मान घालून हसत होते. मी अर्ज उचलून बाहेर आलो. वर्षानुवर्षं ज्या गाडीचा धूरसुद्धा दिसला नव्हता, ती नेमकी आमच्या खोलीसमोर येऊन उभी राहिली होती, आणि तिला आणणारा मी होतो.

घरी सांगितलं. म्हणालो, तहसीलवर मोर्चा नेऊ.

“तुझा मोर्चा निघंपत्तुर ही आजी व्हईल,” चुलता म्हणाला.

बहीण कोपऱ्यात वही आवरत होती. ती म्हणाली, “दादा, तुझा तो न्यूयॉर्कवाला. त्यानं परवानगी कशाची काढली व्हती?”

ही माहिती मी दोन पत्रकांपूर्वी दिली होती. न्यूयॉर्कमध्ये एका पठ्ठ्यानं रस्त्याखालून टपालाच्या नळ्या टाकायची परवानगी घेतली, आणि एका कापडदुकानाच्या तळघरातून गुपचूप बोगदा खणून आत चक्क गाडी चालवली. मोठा पंखा लावायचा आणि हवेनं डबा ढकलायचा. लोक तिकीट काढून बसायला आले तेव्हा शहराला कळलं.

“नळ्यांची,” मी म्हणालो.

“मग आपण विहाराच्या भिंतीच्या दुरुस्तीची काढू.”

मला हे पटलं नाही. हक्काचं आहे ते उजळ माथ्यानं मागायचं, असं मी बोलू लागलो. चुलत्यानं हात वर केला. “ते समदं खरं हाय. परीक्षा मार्चात हाय.”

अर्ज मीच लिहिला, दात ओठ खात. ‘विहाराच्या मागील भिंतीची दुरुस्ती करणेबाबत.’ चार दिवसांत शिक्का मिळाला. चुलत्यानं भिंत दुरुस्त केली, म्हणजे तिच्यात एक दार काढलं आणि दारापलीकडं आणखी तीन भिंती दुरुस्त केल्या. मोजणीचा दगड बरोबर खोलीच्या मधोमध आला. तो त्यानं उपटला नाही. “सरकारी हाय,” म्हणाला, आणि भोवतीनं फरशी बसवली. पोरींनी दगडावर फळी टाकून टेबल केलं.

पत्रे चढल्यावर ग्रामसेवक पाहणीला आले. दारातून आत डोकावले, पोरींकडं पाहिलं, दगडाकडं पाहिलं.

“भिंत लई जाड झाली, मिस्त्री.”

“जुनी भिंत, भाऊसाहेब. आधार द्यावा लागला.”

ते काही न लिहिता निघून गेले. बहीण पास झाली. पुढं पुण्याला नर्सिंगला गेली, अर्थात एसटीनं.

हे सुखान्त वाटत असेल तर थांबा. त्या खोलीला आजतागायत विजेचं मीटर नाही. मीटरच्या दाखल्यासाठी मी दरवर्षी अर्ज देतो, दरवर्षी ग्रामपंचायतीचं उत्तर येतं, की अशी कोणतीही इमारत दप्तरी आढळत नाही. विहारातून ओढलेल्या वायरवर एक बल्ब जळतो. न्यूयॉर्कच्या त्या बोगद्याचीही एक गोष्ट मी पत्रकात गाळली होती. तो थोडीच वर्षं चालला आणि बंद पडला. चोरून बांधलेल्या गोष्टीची पाठराखण करायला कुणी उभं राहत नाही, हे मला तेव्हा कळत होतं, पण मथळ्यात बसत नव्हतं.

परवा समितीनं नवं पत्रक लिहायला सांगितलं. पुन्हा मोजणी होणार अशी बोलवा आहे. बहीण सुट्टीला आली होती. तिनं कच्चा कागद वाचला आणि परत दिला.

“दादा, या टायमाला ‘आलीच’ लिहू नको. खोलीत अजून सात पोरी बसत्यात.”

मी ‘आलीच’ खोडलं. ‘अजून आलेली नाही’ असं लिहिलं आणि खाली सही केली. समितीतले म्हणाले, पत्रकात दम राहिला नाही. मी तेच छापायला दिलं, आणि पहिली प्रत सरपंचांच्या काचेखाली ठेवायला स्वतः घेऊन गेलो.