शिंपीमास्तरांचा शागीर्द

शिंपीमास्तरांकडे शागीर्द टिकत नसे. एक जण काज विस्कटलं म्हणून जे काही ऐकावं लागलं ते ऐकून पळाला. दुसरा जेवायला म्हणून गेला तो परतलाच नाही. तिसऱ्यानं तर तोंडावर सांगितलं, की याच्यापेक्षा लष्करात भरती झालेलं बरं. मास्तरांना यात स्वतःची काही चूक दिसत नव्हती. दुकानात उरले ते मास्तर, काज-बटणं आणि तुरपाई सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे काकू म्हणत, आणि बटण्या.

बटण्या म्हणजे मुठीत मावेल एवढा फिंच पक्षी, अंगानं तपकिरी, पोटाशी पांढरा. त्याचा पिंजरा मशीनच्याच फळीवर, खिडकीकडच्या टोकाला असे आणि दार दिवसभर उघडं. मास्तर बेतायला बसले की हा टुणकन खाली यायचा, कापडाच्या कडेला पडलेला दोरा चोचीत धरायचा आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात नेऊन खालून वर, वरून खाली असा गुंतवत बसायचा. मास्तरांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातली कात्री खाली ठेवली.

"अगं, हा शिवतोय! माझं बघून शिकला!"

झालं. त्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माप देण्याआधी बटण्याची कारागिरी बघावी लागे. मास्तर त्याच्यासाठी रेशमी दोऱ्याचे तुकडे बाजूला काढून ठेवत. "पगार मागत नाही, उलट बोलत नाही, आणि कामावर मन आहे," ते सांगत. "तुमच्यापुढे टिकला म्हणजे बहिरा असणार," काकू सुई ओवता ओवता म्हणत.

पण एका सकाळी मास्तरांनी पिंजऱ्यावरचं फडकं काढलं. बटण्या दांडीवर नव्हता. खाली, पिंजऱ्याच्या तळाशी, पिसं फुलवून गोळा होऊन बसला होता. डोळे अर्धे मिटलेले, आणि प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी खालीवर होत होती. मास्तरांनी लाल रेशमी दोरा पुढे धरला, तर त्यानं मानसुद्धा वळवली नाही.

"दोरा गिळला गं यानं," मास्तर मटकन स्टुलावर बसले. "मीच दिला. माझ्या हातानं दिला."

"रडायचं नंतर. आधी उठा," काकूंनी बटणांचा डबा रिकामा करून त्यात फ्लॅनेल अंथरलंसुद्धा.

पशुवैद्यांच्या दवाखान्यात एक भलामोठा कुत्रा आणि त्याची तितकीच भलीमोठी मालकीण रांगेत होती. मास्तरांचा चेहरा बघून दोघांनीही वाट दिली.

"डॉक्टर, पोट उघडावं लागलं तर उघडा," मास्तर म्हणाले, "टाके मी घालतो. दिसणारसुद्धा नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी बटण्याच्या पोटावरून अलगद बोट फिरवलं. "टाके नकोत. अंडं अडकलंय."

"कुणाचं?"

"हिचंच. दुसऱ्या कुणाचं अडकणार?"

मास्तर काकूंकडे बघत राहिले. काकू छताकडे बघत राहिल्या, कारण खाली बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

"अहो, पण हा शागीर्द आहे माझा! शिवतो!"

"या जातीत नर-मादी दिसायला सारखेच. आणि ती शिवत नव्हती काका, घरटं बांधत होती. नर नसला तरी कोंबडीसारखी अंडी देते, पिल्लू मात्र निघत नाही." मग त्यांचा आवाज बदलला. "पण हसण्यावारी नेऊ नका. औषधाचे थेंब दिलेत. दमट ऊब द्या, गडबड करू नका. संध्याकाळपर्यंत अंडं सुटलं नाही तर जगणं अवघड आहे. आणि दोरे बंद. पायाला दोरा गुरफटला तर पाय जाईल. वाळकं गवत द्या."

दुकानात परतल्यावर पिंजऱ्यात वाळकं गवत पसरलं आणि खाली गरम पाण्याची पिशवी ठेवली. मास्तर ओलं फडकं इस्त्रीखाली गरम करत, आधी स्वतःच्या गालाला लावून बघत, मग पिंजऱ्यावर धरत. असं चाललं असताना दारात एक नवरदेव उभा राहिला. लग्न दुसऱ्या दिवशी होतं आणि त्याच्या कोटाला अजून एकच बाही होती.

"मास्तर, कोट?"

"बाळंतपण चालू आहे. बसा."

नवरदेवानं पिकल्या केसांच्या काकूंकडे असं काही बघितलं, की काकू पदर तोंडाला लावून मागच्या खोलीत पळाल्या. पण खरा प्रकार कळल्यावर तो बिचारा निमूट बसला, आणि थोड्या वेळानं फडक्याचं दुसरं टोक त्यानंच धरलं.

दुपार कलली. बटण्याची मान खाली झुकली. काकू पिशवीत पुन्हा गरम पाणी भरून घेऊन आल्या, नवरदेवानं ती पिंजऱ्याखाली सरकवली. मास्तर पिंजऱ्याला कपाळ टेकवून बोलायला लागले, दोघं ऐकताहेत याची त्यांना पर्वा नव्हती.

"शागीर्द नसलीस तरी चालेल गं. काही येत नसलं तरी चालेल. तू नुसती बसून राहा इथे, मी बघत जाईन. पण आज जाऊ नकोस."

पक्षिणीनं एकदा सगळं अंग ताणलं. मास्तरांनी डोळे मिटले.

"अहो!" काकू ओरडल्या. "डोळे उघडा!"

गवतात पांढरंशुभ्र अंडं पडलं होतं, वालाच्या दाण्याहून जरासंच मोठं. बटण्या उठली, पिसं झाडली, धडपडत वाटीपाशी गेली आणि पाणी प्यायली. नवरदेवानं आनंदानं आरोळी ठोकली, तर मास्तरांनी त्याला एका हातानं गप्प केलं आणि दुसऱ्या हातानं मिठीच मारली. काकू रडत होत्या आणि हसतही होत्या.

बटण्या परत येऊन अंड्यावर बसली. मास्तरांनी हात झाडले, कोट ओढला, मशीनवर पाय ठेवला. चाक फिरलं, फळी हादरली आणि तिनं दचकून मान वर केली.

मास्तरांनी पाय काढला. कोट घेऊन ते खाली चटईवर बसले.

"सुई द्या," ते काकूंना म्हणाले. "हातानं होईल."

"अख्खी बाही?"

"आणि अस्तरही."

नवरदेव सुया ओवून देत होता, एका बाजूनं मास्तर आणि दुसऱ्या बाजूनं काकू टाके घालत होत्या. मास्तरांचा चेहरा इतका खुललेला काकूंनी कितीतरी वर्षांत बघितला नव्हता. मशीनचा आवाज बंद कसा म्हणून शेजारचा चांभार डोकावला आणि त्यानं नेहमीच्या दणदणीत आवाजात विचारलं, "काय मास्तर, आज सुट्टी?"

"हळू रे," मास्तर कुजबुजले. "बाळंतिणीचा आत्ताच डोळा लागलाय."